कुत्रा माझ्या दाराशी बसला

वरंधच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. तिथल्या शाळेत मी पहिली नोकरी केली. एक शिक्षक, चार वर्ग, एकवीस मुलं. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी तेवीस वर्षांचा होतो, महाडच्या बाजारपेठेत वाढलेला. डोंगर लांबून बघायची सवय होती, त्यात राहायची नव्हती. एस.टी. वरंधला सोडायची आणि तिथून तासाभराची खडी चढण. रोज ये-जा जमणारी नव्हती, म्हणून वाडीतल्या एका घराच्या पडवीत कुडाची भिंत घालून केलेली खोली मी घेतली. खोलीला बाहेरून वेगळं दार होतं.

त्या घरात दोघीच राहत, सासू आणि सून. सासरे वारलेले. मुलगा मुंबईत एका कारखान्याच्या कँटीनमध्ये कामाला, गणपतीला आणि शिमग्याला यायचा. माझं दोन वेळचं जेवण त्यांच्याकडेच होतं. सून माझ्याहून वर्ष-दीड वर्षानं लहान असेल. सावळी, काटक, डोक्यावर गवताचा भारा असतानाही मोठ्यानं बोलणारी. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. नवऱ्याला पत्र धाडायचं असलं की ती माझ्या उंबऱ्याशी बाहेरच्या बाजूला बसायची, मी आत खुर्चीवर, आणि सासू अंगणात काहीतरी निवडत, आमच्या दोघांवर नजर ठेवून. "म्हस आटली असं लिवा," ती सांगायची, आणि मी लिहिलं की म्हणायची, "नको नको, खोडा ते. तितं एकटे काळजी करतील." त्यामुळे प्रत्येक पत्रात निदान दोन ओळी खोडलेल्या असायच्या.

आमच्यात काही नव्हतं. हे वाक्य मी त्या दिवसांत इतक्या वेळा बोललो की शेवटी माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं. खरं सांगायचं तर ती पत्र सांगायला येणार असली की मी शर्ट बदलायचो. बस, इतकंच. पण पोलिसांसमोर उभं राहिलं की माणसाला तेवढंही आठवतं.

दिवाळीची सुट्टी संपवून मी परत आलो आणि चौथ्या दिवशी मला हिवताप भरला. सासू तेव्हा लेकीच्या बाळंतपणासाठी पोलादपूरकडे गेली होती. सुनेच्या सोबतीला शेजारची म्हातारी झोपायला यायची. सुनेनं माझ्या दारात पेज आणून ठेवली, माझं कुडकुडणं ऐकलं आणि घरात जाऊन एक चादर घेऊन आली. सोलापुरी, लाल चौकड्यांची. नवऱ्यानं गणपतीला आणलेली, ती स्वतः रोज अंगावर घ्यायची तीच.

"घ्या. तुमची पातळ हाय."

"आणि तुम्ही?"

"गोधडी हाय मला. पन कुनाला बोलू नका हां गुरुजी. ह्यांनी मला दिलेली हाय. लोकं काय पन काडतील त्यातनं."

आठवडाभर ती चादर माझ्या अंगावर होती. ताप चढायचा, घाम फुटून उतरायचा, परत चढायचा. सासू यायच्या आदल्या दिवशी मी ती घडी करून दिली. धुऊन देतो म्हणालो, तर म्हणाली, "तुमी कशाला? मी धुईन." पण भात झोडायचे दिवस होते. तिला सवड मिळाली नसावी. घडी वलणीवर गेली ती तशीच राहिली.

त्यानंतर चौथ्या दिवशी सून नाहीशी झाली.

दुपारचे तीन वाजले असतील. त्यांची गाभण गाय रानातून परत आली नव्हती. सून हातात कोयती घेऊन गाईला बघायला गेली. शाळेच्या खिडकीतून मी तिला जाताना पाहिलं. दिवेलागणीला गाय आपल्या पायांनी घरी आली, गोठ्यात जाऊन उभी राहिली. तिच्यामागून कुणी आलं नाही.

सासूनं आधी गाईलाच शिव्या घातल्या. मग अंगणात उभी राहून हाका मारल्या. मग वाडीतले चार गडी बॅटऱ्या घेऊन गेले आणि रिकाम्या हातांनी परत आले. दुसऱ्या दिवशी शाळा भरलीच नाही. आम्ही सगळे रान पालथं घालत होतो. गवत छातीएवढं, त्यात करवंदीच्या जाळ्या, आणि एका बाजूला कडा. मी एकटा कड्याकडे जायला धजत नव्हतो. लोक हाका मारत पुढे जायचे आणि मी त्यांच्यामागे, खाली काही दिसू नये अशी मनातल्या मनात विनवणी करत.

दुपारी एका गड्याला वरंधला पाठवलं, तिथून महाडला निरोप गेला, मुंबईला फोन झाला. संध्याकाळी फौजदार आणि दोन शिपाई आले. त्यांनी सगळ्यांची नावं लिहून घेतली. सासूला विचारलं, सुनेचं कुणाशी भांडण, कुठे जायचं बोलली होती का, माहेर कुठलं. सासू म्हणाली, "भांडान नाय, काय नाय. गाईला गेली नि गेलीच." बायका आपसांत कुजबुजत होत्या. कुणी म्हणालं कड्यावरून गेली, कुणी म्हणालं पळून गेली. पळून कुणाबरोबर, हे कुणी मोठ्यानं विचारलं नाही, पण दोघी-तिघींनी माझ्या खोलीकडे बघितलेलं मी पाहिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला अलिबागहून कुत्रा आला.

काळा, पोटाखाली तपकिरी, शेपूट कापलेला डॉबरमन. त्याला सांभाळणारा हवालदार पन्नाशीचा, बारीक अंगाचा, चढून आल्यामुळे घामानं भिजलेला. आल्याबरोबर त्यानं आधी कुत्र्याला पाणी पाजलं आणि मग स्वतः प्यायला. वाडीतली कुत्री भुंकून भुंकून दमली, पण डॉबरमननं एकदाही तिकडे मान वळवली नाही. सगळी वाडी अंगणात जमली होती. असं कुत्रं कुणी पाहिलं नव्हतं. एक म्हातारा हात जोडून उभा होता, देवळात उभं राहावं तसा.

हवालदार म्हणाला, "बाईची एखादी वस्तू द्या. अंगाला लागलेली. धुतलेली नको."

सासू आत गेली आणि लाल चौकड्यांची चादर घेऊन बाहेर आली. "ही तिचीच. रोज हीच घेते."

त्या क्षणी मला बोलायला हवं होतं. मी तिथून दहा हातांवर उभा होतो. साहेब, ती नको, ती माझ्याकडे होती, एवढंच बोलायचं होतं. मला सगळं कळत होतं. कुत्रा वासावर चालतो आणि या चादरीला कुणाचा वास आहे, हे समजायला काही फार शिकावं लागत नाही. पण ते बोललो असतो तर पुढचा प्रश्न आलाच असता: तिच्या अंगावरची चादर तुमच्याकडे कशी? सासू घरात नसताना? आणि ती बाई आता कुठे आहे? वाटलं, कुत्रा हुशार आहे, दोन वासांतून बरोबर तिचाच उचलेल. मला कुत्र्यातलं काय कळत होतं! पण भ्यालेला माणूस कशावरही विश्वास ठेवतो.

हवालदारानं चादर कुत्र्याच्या नाकापुढे धरली, हळू आवाजात काहीतरी म्हणाला आणि पट्टा सैल सोडला. कुत्र्यानं अंगणात एक वळसा घेतला. मग नाक जमिनीला लावून सरळ निघाला. गोठ्याकडे नाही, रानाकडे नाही. पडवीच्या कडेकडेनं माझ्या खोलीकडे. दाराला कुलूप होतं. त्यानं उंबरा हुंगला, दारावर एकदा पंजा मारला आणि खाली बसला.

माणसं, लेकरं, सगळी त्या कुलपाकडे बघत होती.

"खोली कुणाची?" फौजदारानं विचारलं.

"गुरुजींची," एका बाईनं सांगितलं. तिची दोन्ही मुलं माझ्या वर्गात होती.

मी पुढे झालो. किल्ली खिशातून निघेना. शेवटी शिपायानं किल्ली घेऊन कुलूप उघडलं. कुत्रा आत शिरला, खाट हुंगली, खाटेखाली गेला, खुंटीवरच्या माझ्या शर्टापाशी थांबला. मग वळला. माणसांच्या पायांमधून वाट काढत तो माझ्याकडे आला, माझ्यासमोर उभा राहिला आणि तोंड वर करून भुंकला. एकदा, दोनदा, तीनदा. त्याचा श्वास माझ्या हाताला लागत होता. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, हे मला आजही आठवतं. सांगितलेलं काम केल्यावर वर्गातलं पोर जसं शाबासकीसाठी बघतं, तसं तो हवालदाराकडे बघत होता.

सासू जमिनीवर बसली. "काय केलंत हो गुरुजी?" एवढंच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मला शाळेत नेलं. फौजदार माझ्या खुर्चीवर बसले, मी मुलांच्या बाजूला उभा राहिलो. माझ्यामागे फळ्यावर दोन दिवसांपूर्वीचा पाढा तसाच होता. त्यांनी आवाज चढवला नाही, अंगाला हात लावला नाही. त्यामुळे भीती कमी झाली असं मात्र नाही.

"ती तुमच्या खोलीत यायची?"

"उंबऱ्यापर्यंत. पत्र सांगायला."

"आत?"

"नाही साहेब."

"मग कुत्रा खाटेपर्यंत कसा गेला?"

आताही मला सांगता आलं असतं. मी म्हणालो, "माहीत नाही."

एका खोट्यावर दुसरं बसलं की पहिलं काढता येत नाही. आधी गप्प होतो तोवर निदान खोटं बोललो नव्हतो. आता तेही झालं. त्यांनी विचारलं, परवा तीन वाजता कुठे होतात? शाळेत. कुणी पाहिलं? मुलांनी. शाळा सुटल्यावर? खोलीत. कुणी पाहिलं? कुणी नाही.

तेवढ्यात एक शिपाई आला आणि म्हणाला, खोलीमागे माती उकरलेली दिसतेय.

तो मी केलेला वाफा होता. आजारी पडायच्या आधी मी खोलीमागची जमीन खणून मुळ्याचं आणि कोथिंबिरीचं बी टाकलं होतं. पाणी घालायला कुणी नसल्यामुळे काही उगवलं नव्हतं. मी तसं सांगितलं. त्यांनी कुदळ आणायला लावली.

आयुष्यात नंतर मला बऱ्याच गोष्टींची भीती वाटली. मुलीचं आजारपण पाहिलं, पुराचं पाणी घरात शिरलेलं पाहिलं. पण त्या वाफ्यावर पहिली कुदळ पडली तेव्हाची भीती वेगळीच होती. तिथे काही नाही, हे मला पक्कं माहीत होतं. माती मीच खणली होती. तरी प्रत्येक घावाला मला वाटत होतं की आता साडीचं टोक दिसेल. मला वाटायला लागलं की तापात मी काहीतरी केलंय आणि ते मला आठवत नाही. कुत्र्याला माहीत आहे, सगळ्या वाडीला माहीत आहे, फक्त मलाच माहीत नाही. कुदळ खडकाला लागून ठणकन वाजली. मी खाली बसलो. बघणाऱ्यांना तोही पुरावाच वाटला असणार.

वाफ्यात काही निघालं नाही. मला परत शाळेत आणलं आणि दारात एक शिपाई बसवला.

चारच्या सुमाराला हवालदार कुत्र्याला घेऊन शाळेच्या सावलीला आला. डब्याच्या झाकणात पाणी ओतलं, कुत्रा लपालपा प्यायला आणि पाय ताणून आडवा झाला. हवालदार त्याची पाठ चोळत बसला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "गुरुजी, मी चौदा वर्षं कुत्री सांभाळतोय. हा माझा तिसरा. एक विचारतो, खरं सांगा."

मी आडव्या पडलेल्या कुत्र्याकडे बघत राहिलो.

"दोन दिवसांपूर्वी गेलेल्या बाईचा माग असा नसतो. कुत्रं अडतं, मागे फिरतं, इकडे तिकडे शोधतं. हा अंगणातून निघाला तो नाक न उचलता तुमच्या दारात गेला. आणि मग तुमच्याकडे. तुमच्या खोलीत बाईचा वास होता म्हणून तो तिथे गेला नाही. तो तुमचाच वास काढत होता. त्याला मी तुमचाच वास दिला. कसा, ते तुम्ही सांगा."

तेव्हा मी सगळं सांगितलं. हिवताप, चादर, आठवडाभराचा घाम, तिनं कुणाला बोलू नका म्हणून सांगितलेलं. सांगताना रडलो. हवालदारानं मला रडू दिलं. मग विचारलं, "चादर अंगणात आणली तेव्हा तुम्ही ओळखली?"

"हो."

"दहा वाजता?"

"हो."

तो उठून बाहेर गेला, उन्हाकडे बघून परत आला. त्याचा चेहरा बदलला होता. मला वाटलं आता हा मारणार. तो दबक्या आवाजात म्हणाला, "दहा वाजता जमिनीवर दव होतं. आता ऊन खाऊन जमीन तापलीय, हा दमलाय, तासाभरात सूर्य डोंगराआड जाईल. तुझ्या भीतीपायी तिची एक रात्र गेली. असलीच जिवंत, तर." त्यानं मला 'तू' म्हटलं. मला ते योग्यच वाटलं.

त्यानं फौजदारांना सांगितलं. त्यांनी मला परत विचारलं आणि म्हणाले, "आत्ता सुचली होय चादर?" त्यांचा विश्वास बसला नाही, आणि त्यांच्या जागी मी असतो तर माझाही बसला नसता. सासूला विचारलं, तर ती म्हणाली, "मला काय ठावं? मी घरात नव्हते." ही गोष्ट खरी की खोटी हे सांगू शकणारं माणूस एकच होतं आणि तेच सापडत नव्हतं. ती मेली असेल तर जन्मभर कुणी माझ्यावर विश्वास ठेवणार नाही, असा विचार माझ्या मनात आला. ती मेली असेल, याच्या आधी मला माझं आठवलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच झालं.

ती रात्र मी शाळेतच काढली.

चौथ्या दिवशी उजाडता उजाडता हवालदार घरात गेला. "कुणी कशाला हात लावू नका," म्हणाला. सून उशाला जुन्या लुगड्याचं गाठोडं घ्यायची. ते त्यानं प्लॅस्टिकची पिशवी उलटी करून हातावर चढवून उचललं. मला आणि शिपायाला शाळेच्या मागच्या बाजूला, माझा वास कुत्र्याकडे जाणार नाही अशा, वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभं केलं. मला लांबूनच दिसत होतं. गर्दी कालच्या निम्मी होती. तिचा नवरा पहाटे मुंबईहून येऊन पोचला होता. पँट-शर्टमधला, रात्रभर प्रवास केलेला माणूस. एकदा त्यानं माझ्याकडे बघितलं.

हवालदार त्याला म्हणाला, "हे बघा, तीन दिवस गुरं फिरलीत, माणसं फिरलीत. कुत्रं आहे, देव नाही. काही मिळेलच असं नाही."

या खेपेला कुत्रा वेगळाच वागला. अंगणात तीन वेळा फिरला. गोठ्यात जाऊन आला. गुरांच्या वाटेनं निघाला, थांबला, परत फिरला, पुन्हा निघाला. हवालदार त्याच्यामागे एक शब्द न बोलता चालत होता. थोड्या वेळानं शिपाई मला म्हणाला, "चला, आपणही जाऊ." आम्ही मागून गेलो.

कुत्रा आम्ही आधी दोनदा शोधलेल्या जागांवरून गेला. मग गवतातून कड्याच्या अंगाला वळला. एका मोठ्या खडकापाशी पोचला, खडकाभोवती फिरला, तोंड वर करून वारा हुंगला, पुढे गेला, परत आला आणि तिथेच कुंईकुंई करत उभा राहिला. खडकाच्या पुढे सात-आठ हातांवर कडा होता.

नवऱ्यानं खाली बघितलं आणि डोकं धरून बसला. दोघं जण आडवे होऊन वाकून बघत होते. मी डोळे मिटून घेतले होते. "काय दिसत नाय," एक जण म्हणाला. "लुगडं नाय, काय नाय."

हवालदार म्हणाला, "इथपर्यंत ती आली असावी, किंवा तिचा वास वाऱ्यानं इथे येतोय. यापुढे मी सांगू शकत नाही. पण कड्याखाली नसेल तर आसपासच आहे. लांब जाऊ नका, इथेच बघा."

माणसं पांगली. गवत कापायला आलेल्या बायकाही हातातले विळे घेऊन शोधायला लागल्या. तासभर काही नाही. मग खडकाच्या डाव्या हाताला, शे-दीडशे पावलांवर, एक बाई ओरडली. तिथे पावसाळ्यात पाणी उतरायची एक अरुंद घळ होती, वरून करवंदीनं पूर्ण झाकलेली. वरून चालणाऱ्याला खाली पोकळी आहे हे कळूच नये अशी. त्या बाईनं जाळी विळ्यानं बाजूला केली होती आणि ती खाली बघून नुसतीच "हाय, हाय, हाय" म्हणत होती. ती आहे म्हणतेय की ऊर बडवतेय, ते आम्हाला कळेना.

"जित्ती हाय गो!" शेवटी ती म्हणाली.

सुनेचा उजवा पाय मांडीतून मोडला होता. ओठ फुटले होते, अंगावर मुंग्या चढल्या होत्या. खडकाच्या फटीतून झिरपणाऱ्या पाण्याला तिचा हात पोचत होता, म्हणून ती वाचली. वर काढताना ती शुद्धीवर होती. नवऱ्याला बघून म्हणाली, "गाय आली का घरी?"

गोधडीची डोली करून तिला वरंधपर्यंत उतरवलं. मी बांबूला खांदा द्यायला पुढे झालो तेव्हा नवरा म्हणाला, "तुमी नको." मी मागून रिकाम्या हातांनी चालत गेलो. वरंधहून जीपनं महाडला आणि तिथून मुंबईला नेलं. महाडच्या दवाखान्यात फौजदारांनी तिला चादरीबद्दल विचारलं, तिनं खरं ते सांगितलं, आणि पोलिसांपुरता मी सुटलो.

त्या हवालदाराची आणि माझी पुढे काही वर्षांनी महाडच्या स्टँडवर गाठ पडली. निवृत्त झाला होता. मीच ओळख दिली. चहा पिताना मी विचारलं, कुत्रा चुकतो का हो? तो म्हणाला, "चुकतो की. पाऊस, ऊन, डांबरी रस्ता, गर्दी, कशानंही चुकतो. कधी मीच त्याचं चुकीचं वाचतो. तुमच्या वेळी दुसऱ्या दिवशी तो शंभर पावलं चुकला. पण पहिल्या दिवशी तो चुकला नव्हता. दिला त्याचा माणूस त्यानं बरोबर काढला. तुमच्या नशिबानं बाई सापडली. नसती सापडली, तर लोकांनी कुत्र्याचंच ऐकलं असतं. कुत्रा खोटं बोलत नाही, असं म्हणतात ना." एवढं बोलून त्यानं चहाचा कप खाली ठेवला. इतक्या वर्षांत असं किती वेळा झालं असेल, हे विचारायचं मी टाळलं.

ती शिमग्याला परत आली, काठी घेऊन. पायात सळई घातली होती. मी तेव्हा शाळेतच झोपत होतो, जेवण स्वतः करत होतो. मुलं वर्गात येत होती, पण मधल्या सुट्टीत माझ्याभोवती कुणी जमत नव्हतं. एका दुपारी ती शाळेपाशी आली आणि पायरीवर टेकली.

"त्या दिवशी मी कुत्रं भुकलेलं आयकलं," ती म्हणाली. "तीनदा भुकलं. वाडीतलं नव्हतं. वाडीतल्या कुत्र्यांचा आवाज वळखते मी. मला वाटलं रानातलं कायतरी हाय, वास काडत येतंय. मी पदर तोंडात कोंबला, आवाज नको म्हनून. मानसं हाका मारत होती दोन दिस, तवा माझा आवाज निघत नव्हता. नि निघाला असता तवा मीच दाबला."

मी दाराच्या चौकटीला धरून उभा राहिलो.

"सासूबायनी सांगितलं मला चादरीचं," ती म्हणाली. "तुमी लगीच का नाय बोललात?"

"भ्यालो."

"माज्या नावाला भ्यालात का तुमच्या?"

तिला बरं वाटेल असं उत्तर तयार होतं. "माझ्या," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. काठी टेकून उठायला तिला वेळ लागला आणि मी हात पुढे केला नाही, कारण समोरच्या घराच्या दारात दोन बायका उभ्या होत्या.

जूनमध्ये माझी बदली पोलादपूरजवळच्या शाळेत झाली. मीच अर्ज केला होता. वाडी सोडायच्या दिवशी ट्रंक घेऊन उतरायला माणूस मिळेना. तिचा नवरा लावणीसाठी सुट्टीवर आला होता. तो आला, ट्रंक डोक्यावर घेतली आणि चालू लागला. वरंधपर्यंत तासभर आम्ही दोघं पुढे-मागे चालत होतो, एक शब्द नाही. मला भीती वाटत होती. वाटेत एक वळण कड्याजवळून जातं, तिथे तो थांबला तेव्हा मीही दोन पावलं मागेच थांबलो. तो फक्त ट्रंक दुसऱ्या बाजूला घ्यायला थांबला होता.

एस.टी. आली. त्यानं ट्रंक वर चढवून दिली आणि खिडकीपाशी येऊन उभा राहिला.

"गुरुजी, तुमच्या जागी मी असतो तर मी पन नसतो बोललो," तो म्हणाला. "हे मला कळतं. पन ती एक रात जास्त व्हती तितं. ते काय माज्या मनातनं जात नाय."

गाडी सुटली. तो वळून वाडीच्या वाटेला लागला होता. वरंध मागे पडेपर्यंत मी खिडकीतून बघत होतो, पण त्यानं मागे पाहिलं नाही.